गरगरणं परत येऊ नये म्हणून : सांगलीतल्या प्रकल्पाच्या नोंदी

१२ ऑगस्ट २०२४

आजपासून या कामाची वेगळी वही. विश्रामबागेतल्या आमच्या फिजिओथेरपी केंद्रात ‘कूस बदलली की घर फिरतं’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या उपचारांची नोंद नीट आहे. उपचारानंतर त्यांचं पुढं काय झालं, ते मात्र कुठंच लिहिलेलं नाही. माणूस भिंतीला धरून आत येतो, खाटेवर दहा-पंधरा मिनिटांची एप्लीची प्रक्रिया, म्हणजे डोकं ठरावीक क्रमानं वळवत नेणं, होते आणि तो सरळ चालत घरी जातो. सगळ्यांना आनंद होतो, फाईल बंद होते. वर्ष-दीड वर्षानं तोच माणूस पुन्हा दारात उभा असतो. मधल्या काळात गळ्यात पट्टा आलेला असतो, मानेचे एक्स-रे निघालेले असतात आणि चक्करच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू असतात.

आतल्या कानातल्या खड्यांमुळे येणारी ही चक्कर, म्हणजे बीपीपीव्ही, परत येणारी आहे हे जगभर माहीत आहे. वर्षभरात साधारण सहा-सातांतल्या एकाला ती पुन्हा होते. पाच वर्षांचा हिशेब धरला तर वेगवेगळ्या अभ्यासांत हे प्रमाण तिघांतल्या एकापासून निम्म्यापर्यंत जातं. म्हणजे खडा जागेवर बसवला की आपलं काम निम्मंच होतं. उरलेलं निम्मं करायला हा प्रकल्प.

कामाची वाटणी अशी ठरली. निदान कान-नाक-घशाचे सर करतील. हाडं, साखर, रक्तदाब आणि ड जीवनसत्त्व फिजिशियन मॅडम पाहतील. प्रक्रिया, घरचं शिक्षण आणि पाठपुरावा माझ्याकडे. प्रत्येकाला एक कार्ड द्यायचं आणि ठरलेल्या अंतरानं फोन करायचा. फोनवर ‘बरं आहे का’ एवढंच विचारलं की माणसं ‘हो, बरं आहे’ म्हणून मोकळी होतात. म्हणून प्रश्न नेमके हवेत: कोणत्या कुशीवर झोपता, वर बघता का, खाली वाकता का, रात्री बाथरूमला उठताना कशाचा आधार घेता?

१९ ऑगस्ट

कार्डावरचा मजकूर लिहायला बसले. आजार समजावून सांगितला नाही तर प्रतिबंध समजत नाही, त्यामुळे पहिली बाजू त्याला दिली.

आतल्या कानात युट्रिकल नावाची एक पिशवी असते. तिच्या पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक चिकटलेले असतात. एकेक कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. आपण सरळ आहोत की कललेले, वेग वाढतोय की कमी होतोय, हे मेंदूला त्यांच्या वजनावरून कळतं. यातले काही कण सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात. बहुतेकदा मागच्या नलिकेत, कारण ती सगळ्यांत खालच्या बाजूला असते. डोकं हललं की कण नलिकेत घरंगळतात, आतला द्रव ढकलला जातो आणि डोकं थांबलं तरी मेंदूला ते फिरतंच आहे असा निरोप जात राहतो.

तासगाव-कवठेमहांकाळ भागातल्या माणसाला हे सांगायला एकच उदाहरण पुरतं: ठिबकच्या नळीत वाळू अडकली आहे. नळी कशीही झटकून वाळू निघत नाही. योग्य बाजूला, योग्य क्रमानं वळवत नेली तर आपल्या वजनानंच बाहेर येते. एप्लीची प्रक्रिया एवढंच करते. आणि औषधाची गोळी ती वाळू का काढू शकत नाही, हेही त्याच वाक्यात समजतं.

इतिहासाच्या चार ओळी मी हट्टानं ठेवल्या. रॉबर्ट बाराणी यांनी १९२१ मध्ये अशा चक्करचं वर्णन केलं. मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाईक यांनी १९५२ मध्ये ती ओळखायची चाचणी नीट मांडली. अमेरिकेतल्या जॉन एप्ली यांनी १९९२ मध्ये आपली प्रक्रिया प्रसिद्ध केली, आणि आरंभी फार थोड्यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला. आमच्याकडे येणाऱ्यांनाही ‘नुसतं मान वळवून कसं बरं होईल’ असं वाटतं. त्यांना या ओळी धीर देतात.

६ सप्टेंबर

उद्या गणपती. या आठवड्यात फोन वाढले. माळ्यावरून मखर काढणं, जाळ्या झटकणं, पंखे पुसणं ही सगळी कामं मान मागे टाकून करायची. एका निवृत्त शिक्षिका बाईंना स्टुलावर उभ्या असतानाच चक्कर आली. कपाटाला धरलं म्हणून वाचल्या.

त्यांची हकीकत इथं सविस्तर लिहिते. पूर्वी एकदा असाच झटका आला होता तेव्हा कुणीतरी त्यांना ‘आडवं झोपू नका, मान हलवू नका’ असं सांगितलं. तेव्हापासून त्या आरामखुर्चीत झोपतात. एका कुशीवर वळणं त्यांनी सोडूनच दिलं आहे. मंदिरात प्रदक्षिणा घालत नाहीत. नातवाला उचलून घेत नाहीत. मान इतकी आखडली आहे की शेजारच्या माणसाकडे बघायला सगळं अंग वळवतात. एवढं करूनही झटका परत आलाच.

आमच्या भागात प्रतिबंध म्हणजे हलायचं नाही, असाच समज आहे. तो खोडून काढणं हेच या प्रकल्पाचं मुख्य काम, असं मला आज स्पष्ट दिसलं. चक्कर उठवणारी हालचाल एक, आणि खडे सुटण्याचं कारण दुसरं. वर बघितल्यानं, कूस बदलल्यानं, वाकल्यानं आधीच सुटलेले खडे हलतात. त्या हालचाली टाळल्या तर खडे तिथंच पडून राहतात आणि माणूस मात्र दिवसेंदिवस घाबरा होत जातो. अंग हललंच नाही तर तोल सांभाळायची मेंदूची सवय मंदावते. मग खडे जागेवर गेल्यानंतरही पायाखाली जमीन हलल्यासारखी वाटत राहते.

अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संस्थेनं २०१७ मध्ये मार्गदर्शक सूचना सुधारल्या. प्रक्रियेनंतर झोपण्यावर किंवा मान हलवण्यावर बंधनं घालू नका, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. चक्करच्या गोळ्या सरसकट देऊ नका, असंही आहे. बाईंना हे दोन्ही मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “मग मी एवढे दिवस खुर्चीत का बसले?” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांच्यासमोर शांत बसून राहिले.

तपासणीत उजवी मागची नलिका निघाली. प्रक्रिया केली. मानेचे हलके व्यायाम आणि रोज थोडं चालणं लिहून दिलं. पहिल्या रात्री मुलीला शेजारी झोपायला सांगितलं आहे.

२४ सप्टेंबर

खडे सुटतात कशानं? डोक्याला मार लागणं हे एक ठळक कारण. दुचाकीवरून पडलेल्या तरुणांत आम्ही ते पाहतो, आणि हेल्मेटची शिफारस मी कानासाठीसुद्धा करते. मोठं दुखणं किंवा शस्त्रक्रियेनंतर बरेच दिवस अंथरुणाला खिळून राहणं हे दुसरं. कानाला आधी झालेला संसर्ग किंवा सूज हे तिसरं. अर्धशिशी, मधुमेह आणि उच्च रक्तदाब असणाऱ्यांत हा त्रास परत येण्याचं प्रमाण जास्त आढळतं. पण पन्नाशी ओलांडलेल्या बाईला यातलं काहीच नसताना हा त्रास होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना साधारण दुपटीनं होतो. तिथं हाडांकडे बघावं लागतं.

हे खडे कॅल्शियमचेच आहेत. पाळी गेल्यानंतर हाडं विरळ होतात, तसे हे स्फटिकही ठिसूळ होत असावेत, त्यांची पकड सैल होत असावी, असं मानायला आधार आहे. हाडं ठिसूळ झालेल्यांत आणि ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांत हा आजार अधिक दिसतो.

फिजिशियन मॅडमनी आज दक्षिण कोरियातला अभ्यास समजावून सांगितला. २०२० मध्ये न्यूरॉलॉजी या नियतकालिकात तो आला. आठ रुग्णालयं आणि ९५७ रुग्ण. प्रक्रियेनं बरे झालेल्यांचे दोन गट पाडले. एका गटात ड जीवनसत्त्व तपासलं आणि ते मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल त्यांना वर्षभर दिवसातून दोनदा ४०० आययू (आंतरराष्ट्रीय एकक) ड जीवनसत्त्व आणि ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं. दुसऱ्या गटात तपासणीही नाही आणि गोळ्याही नाहीत. पहिल्या गटात पुन्हा चक्कर येण्याचं प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी कमी झालं.

२४ टक्के म्हणजे जादू नव्हे, हे मॅडम वारंवार सांगत होत्या. मला मात्र हा आकडा मोठा वाटतो. परत येणारी चक्कर रोखायला आजवर फारसं काही हाती नव्हतं. ब्रँट-डॅरॉफचे व्यायाम, म्हणजे बसल्या जागेवरून आळीपाळीनं दोन्ही कुशींवर आडवं होणं, रोज करत राहिलं तर पुन्हा येणार नाही, असं आम्ही शिकताना ऐकलं होतं. २००५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोजच्या त्या व्यायामांनी पुनरावृत्ती कमी झाल्याचं दिसलं नाही. त्यामुळे बरं वाटत असताना रोज सकाळी चक्कर येईल अशा हालचाली करायला लावणं मी बंद करते आहे. झटका आला तर उपचार म्हणून ते व्यायाम चालतील.

ठरलं ते असं. दुसऱ्यांदा येणाऱ्या प्रत्येकाचं ड जीवनसत्त्व तपासायचं. पन्नाशीपुढच्या बायकांचं पहिल्याच वेळी. कमी असेल तर मात्रा मॅडम ठरवतील. ज्यांना मुतखडा झालेला आहे त्यांना कॅल्शियम देण्याआधी मॅडम स्वतः बोलतील. तपासणी महाग आहे हा अडथळा खरा आहे. ओळखीच्या पॅथॉलॉजीवाल्यांशी बोलून रक्कम थोडी खाली आणली.

११ ऑक्टोबर

तासगावच्या बाजूला एका द्राक्षबागेत दिवसभर होते. फळछाटणी सुरू आहे. केंद्रात येणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणी बागेत कामाला जातात, आणि ‘वर बघितलं की येतंय’ हे वाक्य त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकलं की प्रत्यक्ष काम बघितल्याशिवाय पुढं काही ठरवणं बरोबर वाटेना.

मांडव साधारण डोक्याच्या वरच. छाटणी झाली की काड्यांच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटायच्या जागांना, पेस्ट लावायची. ती लावताना मान मागे, हनुवटी वर, नजर हाताच्या टोकाला. एक झाड झालं की पुढचं. उंचीनं कमी असलेल्या बायका उलट्या क्रेटवर उभ्या राहतात. मधूनच वाकून डबा उचलायचा, पुन्हा मान वर. मागच्या नलिकेत खडे असणाऱ्या माणसासाठी याहून अवघड हालचाल दुसरी नाही. केंद्रातल्या खाटेवर आम्ही चाचणी करतो तेव्हा मान साधारण याच कोनात मागे जाते.

दुसरी गोष्ट अंगावरच्या कपड्यांची. साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल, तोंडावर स्कार्फ, फक्त डोळे उघडे. काम मांडवाच्या सावलीत. ही माणसं दिवसभर रानात असतात, पण ऊन त्यांच्या कातडीपर्यंत पोचतच नाही. ‘आमच्या रानात उन्हाला काय तोटा’ असं मुकादम म्हणाले तेव्हा मी त्यांना बायकांचे हात दाखवायला सांगितले. मनगटाच्या वरचा रंग आणि बोटांचा रंग यांत केवढा फरक. यावरून रक्तातलं प्रमाण कळत नाही, तपासणी करावीच लागते. पण शेतात राबणाऱ्या बाईला ही कमतरता असूच शकत नाही हा समज तिथं गळून पडला.

जेवणाच्या सुट्टीत बांधावर बसून एक आक्का सांगत होत्या: “खाट आख्खी फिरत्या बघा मॅडम. डोळं मिटलं तरी फिरतंयच. मग उजव्या कुशीवर वळायचंच सोडलं मी.” त्यांनी मागच्या हंगामात काम अर्ध्यावर सोडलं होतं. मजुरी बुडाली, टोळीतली जागा गेली. घरी म्हणाले, अंगात अशक्तपणा आहे, सलाईन लावू. सलाईन लावलं. चक्कर काही दिवसांनी आपोआप थांबली आणि श्रेय सलाईनला गेलं. आपोआप थांबणं हाही या आजाराचा स्वभाव आहे. त्यामुळे त्या आठवड्यात जे काही केलं असेल त्याला गुण येतो.

आक्कांना उद्या केंद्रात बोलावलं आहे.

१२ ऑक्टोबर

आक्का आल्या, बरोबर सून. पदर खोचला, चप्पल काढून खाटेवर बसल्या. मान पंचेचाळीस अंश उजवीकडे वळवून मागे नेली, डोकं खाटेच्या कडेबाहेर थोडं खाली. पहिले दोन-तीन सेकंद काहीच नाही. सून म्हणाली, “आज नसंल.” तेवढ्यात आक्कांनी माझं मनगट घट्ट धरलं. डोळे वरच्या बाजूला झटके घेत उजव्या कानाकडे पिळल्यासारखे फिरायला लागले. हळू, मग जोरात, मग पुन्हा हळू. वीसएक सेकंदांत थांबले. सुनेनं हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. ‘नाटक करतात’ असं आजवर वाटणाऱ्या घरात या वीस सेकंदांचा उपयोग मोठा आहे.

मग पुढच्या पायऱ्या. डोकं डावीकडे नव्वद अंश, थांबायचं. सगळं अंग डाव्या खांद्यावर, नाक जमिनीकडे, थांबायचं. मग पाय खाली सोडून उठून बसायचं. उठल्यावर क्षणभर डोलल्या. थोड्या वेळानं चाचणी पुन्हा केली, डोळे स्थिर होते.

रक्त दिलं. कार्डावर ‘उजवा, मागची नलिका’ लिहिलं. ही एक ओळ पुढच्या वेळी सगळ्यांत जास्त कामाची आहे.

४ नोव्हेंबर

दिवाळी झाली. साफसफाईच्या दिवसांत जे फोन यायचे ते आले. नवीन काही नाही. शिक्षिका बाई आता पलंगावर झोपतात. पहिल्या फोनच्या वेळी दोन उशा घेत होत्या, आता एक.

२८ नोव्हेंबर

मण्यांची विरळणी चालू आहे. छोट्या कात्रीनं घडातले जादा मणी काढायचे, पुन्हा मान वर. आक्कांचा अहवाल मॅडमनी पाहिला. ड जीवनसत्त्व बरंच कमी होतं. औषध सुरू झालं आहे. दुधाबरोबर जेवणानंतर घ्यायला सांगितलं, कारण हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांबरोबर नीट शोषलं जातं.

बागायतदार दादांशी बोलून बागेत काही बदल करून घेतले. ज्या बाईला मागच्या काही आठवड्यांत चक्कर येऊन गेली आहे तिनं क्रेटवर चढायचं नाही, उंच बाईनं ते करायचं. वाय पद्धतीच्या, म्हणजे इंग्रजी वाय अक्षरासारख्या आधारावर वेली चढवलेल्या, ओळीत घड छातीच्या-डोळ्यांच्या उंचीला येतात, तिथं तिला लावायचं. मांडवाखाली काम करावं लागलंच तर अधूनमधून मान खाली आणून दोन्ही खांद्यांकडे वळवायची. हे सगळं पडू नये म्हणून आहे, खडे सुटू नयेत म्हणून नव्हे. हा फरक मी टोळीसमोर दोनदा सांगितला, कारण ‘मॅडमनी वर बघायला बंदी केली’ असं गावात पसरलं तर सगळं मुसळ केरात. बंदी नाही. बरं झालं की वर बघायचं, उजव्या कुशीवर झोपायचं, सगळं करायचं.

झोपण्याच्या कुशीबद्दल मात्र एक नोंद. ज्या कुशीवर सवयीनं झोपतो त्याच बाजूच्या कानात हा त्रास जास्त आढळतो, असे अभ्यास आहेत. त्यामुळे वारंवार एकाच कानात होत असेल तर झोप लागताना दुसऱ्या कुशीवर किंवा पाठीवर झोपायची सवय करून बघा, असं मी सांगते. सांगते, सक्ती करत नाही. रात्रभर खुर्चीत बसवणं हा त्याचा अर्थ नाही.

१७ डिसेंबर

घरी स्वतः करायच्या प्रक्रियेचं शिक्षण. झटका परत येणं पूर्ण थांबवता आलं नाही तरी तो एका दिवसात आटोपता आला, तर पडणं, भीती, सुट्ट्या आणि नको त्या गोळ्या सगळंच टळतं. मी याला प्रतिबंधच मानते. बर्लिनमधल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये दाखवलं की रुग्णांनी घरी स्वतः केलेली एप्ली ब्रँट-डॅरॉफच्या व्यायामांपेक्षा जास्त गुणकारी ठरते. त्यासाठी पलंगावर खांद्याखाली उशी घ्यायची म्हणजे डोकं मागे झुकतं. बाकी पायऱ्या त्याच.

अट अशी की कान कोणता हे आधीच ठरलेलं हवं, पहिली वेळ आमच्यासमोर व्हायला हवी, आणि घरातलं एक माणूस शेजारी हवं. डाव्या कानासाठी उजवीकडची प्रक्रिया केली तर वेळ वाया जातो आणि माणसाचा विश्वास उडतो. कधीकधी खडे मागच्या नलिकेतून आडव्या नलिकेत जातात. तेव्हा मागे झुकल्यावर नाही, तर दोन्ही कुशींवर वळताना जोराची चक्कर येते आणि डोळे आडवे झटके घेतात. त्याचं तंत्र वेगळं, त्यासाठी केंद्रातच यायचं. ज्यांची मान खरोखर अधू आहे, डोळ्यांच्या पडद्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, त्यांनी घरी करायचं नाही.

मोबाईलचा चांगला उपयोग सापडला. झटका आला की घरच्यांनी खोलीत दिवा लावून डोळ्यांचं जवळून चित्रण करायचं, फोन आडवा धरून, आणि कोणत्या कुशीवर झोपवलं आहे ते मोठ्यानं बोलायचं. आक्कांच्या नातवानं तसं एक पाठवलं. त्यात ‘आजी, डोळं उघडं ठेव’ म्हणून तो ओरडतोय आणि डोळे स्पष्ट दिसतायत. सरांनी ते पाहून बाजू ओळखली. खडे परत सुटले होते, पुन्हा उजवीकडेच. सुनेनं घरी प्रक्रिया करून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी आक्का बागेत होत्या.

औषध चालू असताना झटका का आला, असं त्यांनी विचारलं. ड जीवनसत्त्व भरून यायला वेळ लागतो, आणि भरून आल्यावरही शक्यता कमी होते, शून्य होत नाही. तसंच सांगितलं.

९ जानेवारी २०२५

एका गृहस्थांना त्यांचा मुलगा ‘तीच चक्कर परत आली’ म्हणून घेऊन आला. आमच्याच यादीतले. पण ते बसलेले असतानाही गरगरत होते, थांबत नव्हतं, पाय एका बाजूला ओढले जात होते आणि बोलणं थोडं जड वाटत होतं. खाटेवर घेतलंच नाही. लगेच मिरजेला मोठ्या रुग्णालयात पाठवलं. मेंदूला रक्तपुरवठा करणाऱ्या वाहिनीचा प्रश्न निघाला. वेळेत पोचले.

कार्डाच्या मागच्या बाजूला ठळक अक्षरांत चौकट टाकली: खड्यांची चक्कर डोकं हलवल्यावर येते आणि मिनिटाच्या आत ओसरते. न हलताही सतत गरगरत असेल, बोलताना जीभ अडखळत असेल, एकाचे दोन दिसत असतील, हातापायातली ताकद गेली असेल, उभं राहता येत नसेल, अचानक प्रचंड डोकं दुखत असेल, तर घरची प्रक्रिया करत बसायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं. ज्यांना एकदा बीपीपीव्ही झाली आहे त्यांना ही चौकट जास्त लागू आहे, कारण त्यांच्या घरात प्रत्येक चक्कर ‘तीच’ ठरते.

१२ फेब्रुवारी

फेरतपासणीत एका काकूंचं ड जीवनसत्त्व भलतंच वर गेलेलं दिसलं. आठवड्याला एक म्हणून दिलेलं साठ हजार आययूचं पाऊच त्या जवळजवळ रोज घेत होत्या. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळत गेलं. मॅडमनी ताबडतोब बंद केलं, रक्तातलं कॅल्शियम आणि मूत्रपिंडाची तपासणी करून घेतली. सुदैवानं निभावलं. जास्तीच्या ड जीवनसत्त्वानं रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मळमळ येते, तहान लागते, मुतखडा होतो, मूत्रपिंडाला इजा होते. पाऊच हातात देताना आता कॅलेंडरवर घरच्यांसमोर वारांना गोल करून देतो, आणि कोर्स संपण्याची तारीखही लिहितो.

उन्हाबद्दलही एकसारखं सांगायला लागलो आहोत. सकाळी कोवळ्या उन्हात बसण्याचा सल्ला सगळे देतात, पण ड जीवनसत्त्व बनवणारे किरण सूर्य वर आल्यावर जास्त मिळतात. जेवणाच्या सुट्टीत टॉवेल-स्कार्फ काढून, बाह्या दुमडून थोडा वेळ बांधावर बसा, कातडी भाजेपर्यंत नको. बागेतल्या बायकांना हे जमण्यासारखं आहे. शहरातल्या फ्लॅटमधल्या काकूंना गच्चीवर जावं लागतं. ज्यांची पातळी फारच खाली आहे त्यांचं नुसत्या उन्हानं भागत नाही.

२० मार्च

माल उतरायला आला. बेदाण्याच्या शेडवर गर्दी आहे. यादीतल्या सगळ्यांना फोन झाले. आमची यादी लहान आहे, तुलनेला दुसरा गट नाही. त्यामुळे ड जीवनसत्त्वानं इतके झटके टळले असं या वहीतून म्हणता येत नाही आणि मी ते म्हणणारही नाही. त्यासाठी कोरियासारखा अभ्यास लागतो. आम्हाला दिसलेलं एवढंच: ज्यांना झटका परत आला त्यातल्या बहुतेकांनी एक-दोन दिवसांत फोन केला, पूर्वीसारखे महिने घालवले नाहीत. नव्यानं मानेचा पट्टा लावून कुणी आलं नाही. झटका परत आल्यावर यादीतलं कुणी पडून हाड मोडलं नाही. शिक्षिका बाई प्रदक्षिणा घालतात.

पुढच्या हंगामासाठी एक बदल पक्का केला. मनगट किंवा खुबा मोडून हाडांच्या डॉक्टरांकडे येणाऱ्या पन्नाशीपुढच्या बायकांना ‘कूस बदलताना गरगरतं का’ हा प्रश्न तिथंच विचारायचा. पडण्याचं कारण चक्कर असेल तर खडे बसवल्याशिवाय त्या पुन्हा पडतील, आणि अस्थिभंगानंतर महिनाभर झोपून राहिल्या तर खडे सुटण्याची शक्यता आणखी वाढेल. विश्रामबाग आणि मिरज रस्त्यावरच्या ओळखीच्या दोन हाडांच्या डॉक्टरांनी होकार दिला आहे. कार्डं छापायला टाकली. या वेळी कानाची बाजू लिहायची जागा मोठी ठेवली आहे, आणि चौकट लाल शाईत आहे.

एप्रिलात खरड छाटणी सुरू होईल. त्याआधी टोळ्यांच्या मुकादमांची बैठक तासगावात घ्यायची. आक्का बोलायला तयार आहेत.